पत्र्यावरून माणूस का पडतो, आणि खाली उभं असलेल्यांनी काय करायचं

मे महिना अर्धा सरला की मुंबईत छपरांवर माणसं दिसू लागतात. धारावी, गोवंडी, भांडुपच्या डोंगरउतारावरची घरं, साकीनाक्याचे गाळे, लालबाग-परळमधल्या उरल्यासुरल्या कौलारू चाळी, सोसायट्यांच्या गच्चीवरच्या शेड. वेधशाळेच्या हिशेबानं मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला पोचतो आणि त्याआधी गळती बंद झालेली हवी असते. म्हणजे वर्षभर पुढे ढकललेलं काम तीन-चार आठवड्यांत उरकायचं. घरमालक घाईत, ठेकेदाराला एका दिवसात दोन-तीन घरं संपवायची आणि वर चढणारा बहुतेक वेळा सकाळी नाक्यावरून आणलेला. ते छप्पर तो आयुष्यात पहिल्यांदा बघत असतो.

या दिवसांत कुणी पडलं की सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं, "पाय घसरला." मला हे वाक्य खटकतं, कारण त्यात सगळा दोष त्या पायावर जातो. पाय घसरतोही, पण जुन्या पत्र्यांच्या बाबतीत पायाखालचा पत्राच जातो. तो जाणार हे वर चढण्याआधी, जमिनीवर उभं राहून कळण्यासारखं असतं. फळी आणायची की नाही, शिडी कोण धरणार, किती वाजता काम थांबवायचं, हे सगळं खाली ठरतं. वर गेलेल्या माणसाच्या हातात त्यातलं फारच थोडं उरतं.

पायाखालचं छप्पर

सिमेंटचा पन्हळी पत्रा, ज्याला आपण ॲस्बेस्टॉसचा पत्रा म्हणतो, तो जेमतेम सहा मिलिमीटर जाड असतो. पावसाचं पाणी वाहून न्यावं आणि वाऱ्याचा दाब सोसावा, एवढ्यासाठीच तो बनवलेला आहे. हा भार पूर्ण पत्र्यावर पसरतो. माणसाचं वजन मात्र एका तळव्यावर, चालताना तर टाचेपुरत्या जागेवर पडतं. नवा पत्रा एखाद वेळी ते सोसेल. पंधरा-वीस पावसाळे खाल्लेला पत्रा ठिसूळ झालेला असतो. लोखंडी पत्रा आधी वाकतो, करकरतो, काहीतरी सूचना देतो. सिमेंटचा पत्रा तशी कसलीच सूचना देत नाही, एकदम फुटतो. माणूस कडेवरून बाहेर पडत नाही, सरळ आरपार आत जातो. खाली काय असेल ते असेल: लेथ मशीन, लोखंडी कॉट, मांडणीवरची भांडी, फरशी.

असा पत्रा जवळून बघितला तर तो बरंच सांगतो. बोल्टच्या भोकाभोवती केसासारख्या बारीक चिरा दिसतात, कारण कधीतरी कुणीतरी नट जास्त आवळलेला असतो. वॉशर कुजून गेलेला असतो आणि तिथून पाणी झिरपून काळी रेघ उमटलेली असते. पन्हळीच्या खोलगट भागात वाळलेलं शेवाळ असतं, पहिल्या सरीनंतर ते बुळबुळीत होतं. जागोजागी डांबराचे किंवा केमिकलचे थर असतात. हे थर मला सगळ्यात धोक्याचे वाटतात, कारण त्यांच्याखाली चीर किती लांब गेली आहे ते दिसत नाही आणि थर जाड असल्यामुळे तिथे पत्रा मजबूत वाटतो.

जुने मिस्त्री नव्या पोरांना सांगतात, "बोल्टच्या लायनीवरून चाल." कारण बोल्टच्या खाली आडवा लोखंडी अँगल असतो आणि तिथे पत्र्याला आधार मिळतो. गोष्ट खरी आहे, पण तिच्यावर जीव टाकण्याइतकी नाही. तो अँगल दोन-तीन इंच रुंद असतो. हातात दहा फुटी पत्रा, डोळ्यांवर दुपारचं ऊन, पायात झिजलेली चप्पल, अशा अवस्थेत दिवसभर दोन इंचांच्या रेघेवर पाऊल टाकत राहणं कुणालाच जमत नाही. एक पाऊल चार बोटं इकडे पडलं की संपलं. शिवाय त्याच बोल्टच्या भोवती चिरा पडलेल्या असतात.

उजेडासाठी मधेमधे टाकलेला फायबरचा पत्रा याहून फसवा. नवा असताना तो पारदर्शक असतो, ओळखू येतो. काही वर्षांत उन्हानं तो कडक आणि ठिसूळ होतो, वर धूळ आणि काजळी बसते आणि आजूबाजूच्या पत्र्यांत मिसळून जातो. वरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. खालून, घरात उभं राहून बघितलं तर लगेच कळतो. म्हणून काम सुरू करण्याआधी घरात जाऊन मान वर करून छप्पर बघणं आणि उजेडाच्या पत्र्यांच्या जागा वर खडूनं किंवा रंगानं खूण करून घेणं, ही दहा मिनिटांची गोष्ट आहे. ती फार कमी ठिकाणी होते.

मुंबईचा म्हणून एक वेगळा सापळा आहे, गेल्या वर्षीची ताडपत्री. निळी ताडपत्री, तिच्यावर विटा, जुने टायर, दोरीनं आवळलेलं सगळं. तिच्याखाली पत्रा कुठे संपतो, कुठे फुटलाय, कुठे नुसतंच भोक आहे, काहीच दिसत नाही. ताडपत्री पूर्ण काढल्याशिवाय त्या छपरावर पाय ठेवू नये आणि ती काढायची ती कडेला शिडीवर उभं राहून, ओढून. तिच्यावर चढून नव्हे.

लोखंडी पत्र्याचं दुखणं वेगळं. खाऱ्या हवेनं तो खालच्या बाजूनं गंजतो आणि वरचा रंग शाबूत दिसतो. कौलारू छपरात कौल फुटून माणूस पडतो त्यापेक्षा खालची रीप किंवा वासा वाळवीनं पोखरलेला असल्यामुळे पडण्याचं भय जास्त. शाकारणीला चढण्याआधी वाशांना खालून टोचून बघायची जुनी पद्धत होती, ती उगाच नव्हती.

वारा, ऊन, तारा, शिडी

दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्रा हातात उभा धरला की तो शिडासारखा वारा पकडतो. ताशी ३५ किलोमीटरचा झोत, म्हणजे जूनच्या तोंडाशी मुंबईत रोजचा म्हणावा असा, त्या पत्र्यावर सुमारे वीस किलोचा धक्का देतो. उतरत्या छपरावर, एका पायावर भार असताना, हा धक्का माणसाला कडेकडे नेतो. पत्रा सोडून द्यावा तर खाली गल्लीत लोक असतात, म्हणून तो सोडत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं आणि पुढचे कितीतरी दिवस लोक उडालेले पत्रे परत बसवत होते. अशा वेळी वारा पूर्ण पडलेला नसतानाच माणसं वर चढतात, कारण घरात पाणी येत असतं. ती निकड मला कळते. तरी वारा असेपर्यंत खालून ताडपत्री बांधून वेळ मारून न्यावी, पत्रा उचलू नये.

उन्हाचं थोडक्यात: भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर हात ठेववत नाही, चक्कर येते आणि उतारावर चक्कर येणं म्हणजे पडणंच. सात ते अकरा आणि चारनंतर काम, मधे सावली आणि पाणी. वस्तीत छपरांवरून विजेच्या वायरी गेलेल्या असतात. त्यांचं आवरण कुठेतरी सोललेलं असतं आणि हातातला लोखंडी पत्रा किंवा ॲल्युमिनियमची शिडी तिला लागली की शॉक बसतो. तो शॉक छोटा असला तरी माणूस दचकून तोल सोडतो. मेन स्विच बंद करून वायरी बाजूला बांधल्याशिवाय पत्रा वर देऊ नये.

शिडीवर मात्र जरा थांबायला हवं. शिडी लावायचा साधा नियम असा: ती जितकी उंच टेकते त्याच्या पाव अंतर पायथा भिंतीपासून दूर. बारा फुटांवर टेकली तर पायथा तीन फूट लांब. आणि शिडीचं टोक छपराच्या कडेच्या तीन फूट वर, म्हणजे उतरताना-चढताना हाताला धरायला काहीतरी राहतं. आता वस्तीतली गल्लीच तीन फुटांची असते. शिडी नियमानं लावली तर गल्ली बंद होते. मग ती जवळजवळ उभी लावतात आणि वरच्या माणसाचं वजन मागे जाताच ती भिंतीपासून सुटते. किंवा कुणीतरी पाण्याचा हंडा घेऊन जाताना ती 'जरा' सरकवतं. छपरावरून शिडीवर पाय टाकण्याचा क्षण सगळ्यात वाईट, कारण माणूस पाठमोरा असतो आणि पायरी दिसत नसते. उपाय एकच: अर्धा तास गल्ली बंद करायची, शेजाऱ्यांना आधी सांगायचं, शिडीचं टोक वर बांधायचं आणि खाली एक माणूस फक्त शिडी धरायला ठेवायचा. त्याच माणसाला मधेच सिमेंट कालवायला लावलं, तर तो असून नसल्यासारखा.

पडल्यावर शरीराचं काय होतं

दहा फुटांवरून पडणारा माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर येतो, ताशी साधारण २८ किलोमीटरच्या वेगानं. वीस फुटांवरून एक सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो आणि वेग ३९ च्या आसपास जातो. 'काहीतरी धरेन' हा विचार मनात येईपर्यंत जमीन आलेली असते. 'फक्त पहिला मजला आहे' यात म्हणूनच काही दिलासा नाही. आणि डोकं आधी आपटलं तर दहा फूटही जिवावर उठतात.

पायांवर उभा पडला तर लोक म्हणतात वाचला. टाचेचं हाड फुटतं, आणि तोच धक्का वर चढत पाठीचा कणा दाबतो. छातीमागचा ताठ कणा जिथे कमरेच्या लवचीक कण्याला मिळतो, तिथला मणका चुरतो. टाच फुटलेल्या दहा जणांत साधारण एकाचा कमरेचा मणकाही मोडलेला आढळतो, असं हाडांचे डॉक्टर शिकतात. टाच इतकी दुखत असते की कमरेकडे कुणाचं लक्ष जात नाही. अशा माणसाला चार जणांनी हातपाय धरून उचललं, रिक्षात वाकवून बसवलं, की मोडलेल्या मणक्याचा तुकडा मज्जारज्जूत घुसू शकतो. पाय जातात, लघवीवरचा ताबा जातो. पडल्यानं न झालेलं नुकसान उचलल्यानं होतं आणि ते करणारी माणसं त्याचीच सोबती असतात, जिवाच्या आकांतानं धावलेली. म्हणून हे आधीच माहीत असायला हवं.

तर करायचं काय? आधी वायर, आग, लोंबकळणारा पत्रा यांचा धोका बघायचा, मेन बंद करायचा. मग त्याला आहे तिथेच ठेवायचं आणि १०८ ला फोन करायचा. एकानं डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं-मान स्थिर धरायची, शुद्धीवर असेल तर पायाची बोटं हलवायला सांगायची. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून ठेवायचं. पाणी, चहा, काही द्यायचं नाही. शुद्ध गेली तर ते श्वासनलिकेत जातं आणि ऑपरेशन करायचं झालं तर भरलं पोट अडचणीचं ठरतं. गल्लीत स्ट्रेचर येत नसेल तर दाराची फळी किंवा प्लायवूड आणायचं. तीन-चार जणांनी एका आवाजावर त्याला एकसंध कुशीवर वळवायचं, डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून, मग फळी खाली सरकवायची.

डोक्याच्या मारात आणखी एक फसगत होते. माणूस पडतो, क्षणभर शुद्ध हरपते, मग उठून बसतो, बोलतो, "काही नाही झालं" म्हणतो. दोन-तीन तासांनी डोकं ठणकतं, उलटी होते, तो गुंगायला लागतो. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त साचत असतं. वेळेत सीटी स्कॅन होऊन ऑपरेशन झालं तर असा माणूस पूर्ण बरा होऊ शकतो, झोपू दिला तर जातो. पोटातही तसंच: प्लीहा (पोटातली पानथरी) फाटली तर बाहेर ओरखडाही दिसत नाही, पण तो पांढरा पडतो, गार घाम सुटतो, तहान लागते. दहा फुटांवरून पडलेला प्रत्येक जण, उभा राहून बोलत असला तरी, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात दाखवायलाच हवा. शीव किंवा केईएमसारख्या ठिकाणी सीटी, हाडांचे आणि मेंदूचे सर्जन एकाच आवारात मिळतात. नाक्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन घरी जाणं इथे परवडत नाही.

पडूच नये म्हणून

पहिला प्रश्न विचारायचा तो असा: वर चढायलाच हवं का? घरात घोडा लावून किंवा परांची बांधून खालून बोल्ट बदलता येतात, चीर खालून कळते. गाळ्यांच्या उंच शेडसाठी माणसाला वर उचलणारी बूम लिफ्ट भाड्यानं मिळते. पत्रा पूर्ण बदलायचाच असेल तर फुटक्यावर ठिगळ मारण्यापेक्षा जुना खालून सोडवून उतरवणं बरं. सिमेंटच्या पत्र्याला फोडून काढू नये, त्याच्या धुळीतले ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात बसतात.

वर जायचंच असेल तर फळ्या. निदान दीड फूट रुंद आणि दोन-तीन अँगलवर टेकतील इतक्या लांब, आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, वरच्या टोकाला बांधलेल्या. एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवायची, म्हणून किमान दोन. फळीबाहेर पाय नाही. शेडच्या खाली जाळी बांधता आली तर उत्तम. वर माणूस असताना खालची खोली रिकामी.

हार्नेसची, म्हणजे अंगाला बांधायच्या सुरक्षा-पट्ट्यांची, पाळी त्यानंतर येते आणि इथे गैरसमज फार आहेत. कमरेला बांधायचा पट्टा पडणाऱ्याला झेलायला नाहीच. झटका पोटावर आणि कण्यावर येतो, माणूस मधोमध दुमडतो. खांदे, छाती आणि मांड्यांना पट्टे असलेला पूर्ण हार्नेस हवा, पाठीवर कडी असलेला. भारतीय मानक आयएस ३५२१ चा शिक्का बघून घ्यावा.

पण हार्नेस घालून काम भागत नाही, हिशेब करावा लागतो. हार्नेस पक्क्या जागेला जोडणारी नेहमीची दोरी सहा फुटांची. तिच्यातली झटका शोषणारी पट्टी उलगडते ती आणखी तीन-साडेतीन फूट. पाठीवरच्या कडीपासून तळव्यांपर्यंत माणूस पाच फूट. खाली तीन फूट मोकळे. बेरीज सतरा-अठरा फूट. वस्तीतलं छप्पर बारा-चौदा फुटांवर! दोरी पूर्ण ताणली जाण्याआधी माणूस फरशीवर असतो. म्हणून बुटक्या घरावर दोरी इतकी आखूड ठेवायची की तो कडेपर्यंत पोचूच नये. आणि पत्रा आरपार फुटण्याचा धोका असेल तिथे दोरी डोक्याच्या वर, शेजारच्या पक्क्या कॉलमला किंवा ताणलेल्या लाइफलाइनला, म्हणजे दोन्ही टोकांना पक्क्या बांधलेल्या दोराला, हवी. पाण्याचा पाइप, डिश ॲन्टेना, जुनं ग्रिल यांना दोरी बांधणं म्हणजे न बांधणं. पट्टी सगळं काम नीट करत असतानाही झटका सहाशे किलोच्या भाराजवळ जातो.

हार्नेसनं झेललेला माणूस लटकत राहिला तर पायांत रक्त अडकतं आणि काही मिनिटांत शुद्ध जाऊ शकते. त्याला खाली कसं घ्यायचं, शिडी कुठे आहे, हे आधी ठरलेलं असावं.

कायदा कुठे असतो

बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत होता) दुरुस्तीचं कामही येत होतं, पण तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कामाला लागू होता. तिघाजणांनी मिळून एका घराचे पत्रे बदलले तर सुरक्षेचे ते नियम तपासायला कुणी येत नसे. छपरावरची बरीचशी कामं याच फटीत होत आली.

भरपाईचं तसं नाही. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात एक कामगार असला तरी ठेकेदार मालक ठरत होता, कामगार रोजंदारीवर असला तरीही. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. तीस वर्षांच्या माणसासाठी तो २०७.९८. जानेवारी २०२० पासून मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरत आले, म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, सुमारे साडेपंधरा लाख. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी साठ टक्के. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही अपघाताच्या भरपाईची तरतूद कायम ठेवली आहे. हलगर्जीपणानं मृत्यू ओढवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षाही आहे.

हे पैसे हातात न येण्याचं एक कारण रुग्णालयाच्या दारातच तयार होतं. ठेकेदार कानात सांगतो, "घरी पडला म्हणा, पोलिसांची भानगड नको, खर्च मी बघतो." बायको घाबरलेली असते, ती तसं सांगते. केसपेपरवर 'घरी पडला' लिहिलं जातं. पहिल्या दोन दिवसांचा खर्च तो देतो, मग फोन उचलत नाही. पुढे दावा लावायला गेलं की तोच केसपेपर समोर येतो. म्हणून दाखल करताना खरं सांगायचं: कुठल्या पत्त्यावर, किती वाजता, कुणाच्या कामावर, किती उंचीवरून. डॉक्टर त्याची पोलिसांकडे नोंद करतात आणि ती नोंद कामगाराच्या बाजूची असते. ठेकेदाराचं पूर्ण नाव, फोन, छपराचा एक फोटो, सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवावीत. १९२३ च्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत दिली होती. वाट बघण्यात ती निघून जाते.

नाक्यावर उभं राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी दोन कामं उरकून घ्यावीत. वर्षात नव्वद दिवस बांधकामाचं काम केलं असेल आणि वय १८ ते ६० मध्ये असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते. बँकेत खातं असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला वीस रुपयांत मिळते: अपघाती मृत्यूला किंवा दोन्ही पाय कायमचे निकामी झाले तर दोन लाख, एक पाय गेला तर एक लाख. टाच मोडून चार महिने घरी बसावं लागलं तर या विम्यातून काही मिळत नाही. त्या चार महिन्यांची मजुरी ठेकेदाराकडूनच मागावी लागते, आणि त्यासाठी केसपेपरवर खरी जागा लिहिलेली असावी लागते.